समुद्राचा सामू आणि आमची काळी जमीन

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात दोन गोष्टी एकापाठोपाठ वाचनात आल्या. एक, आपल्याच दैनिकाच्या आतल्या पानावरची चौकट: ‘समुद्राचे पाणी ॲसिड होतेय, सूक्ष्म वनस्पती नष्ट होणार’. दुसरी, आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत आलेला संदेश: कार्बन डायऑक्साइड हे तर झाडांचं खाद्य, तो वाढला की समुद्रातली हिरवाई वाढणारच, शास्त्रज्ञ उगीच भीती घालतात. एकाच्या मते सगळं मरणार, दुसऱ्याच्या मते सगळं फोफावणार. मी एकतीस वर्षं औसा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवलं. माझ्या वर्गातल्या लेकरांनी ही वाक्यं लिहिली असती तर दोन्हींखाली मी लाल रेघ ओढली असती. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण शक्यतो कापू नये ही विनंती.

आधी घरातूनच आलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. कागद घेऊन बसले तेव्हा थोरले दीर म्हणाले, “२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आपली ही गत, आणि तुम्ही समुद्राचं काय घेऊन बसलात?” मी म्हटलं, “अण्णा, परवा भाकरीसोबत सुकटीची चटणी दोनदा मागून घेतलीत, ती कुठून आली?” आमच्या आठवडी बाजारात लाल मिरचीच्या ढिगाशेजारी पोत्यावर सुकट ओतलेली असते. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, अरबी समुद्रातली अगदी बारकी कोळंबी. तो जगतो पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर आणि त्या वनस्पती खाणाऱ्या बारीक जिवांवर. ही झाली समुद्राकडून आमच्याकडं येणारी वाट. इकडून तिकडं जाणारीही एक आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यातून निघणारा वायू काही बालाघाटाच्या डोंगरात अडून राहत नाही. माणूस हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. आपल्या घरातल्या दिव्याचा हिशेबही त्यात आहे.

आता ‘ॲसिड’ या शब्दाविषयी. समुद्र आंबट झालेला नाही, आणि या शतकात होणारही नाही. ज्यांनी माती परीक्षणाचा अहवाल हातात धरला आहे त्यांना सामू, म्हणजे पीएच, ठाऊक आहे. सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर विम्ल. आमच्या चार एकर काळ्या रानाचा अहवाल समोर ठेवूनच लिहिते आहे. त्यावर सामू आहे ८.१. समुद्राच्या वरच्या थराचा आजचा सरासरी सामूही ८.१. कारखानदारी सुरू होण्याआधी तो ८.२ च्या आसपास होता, हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हा दहा लाख भागांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. ०.१ हा फरक वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटतो, कारण सामूची मोजपट्टी दहापटीची असते हे आपण शाळेत शिकून विसरतो. सामू एकानं उतरला तर पाण्यातले हायड्रोजन आयन दहापट होतात. ०.१ नं उतरला तर ते पाव हिश्शाहूनही थोडे जास्त वाढतात. धूर असाच वाढत राहिला तर शतकाअखेर सामू ७.८ किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतो. तेव्हाही समुद्र सातच्या वरच असेल. प्रश्न पाणी आंबट होण्याचा नाहीच. लाखो वर्षं एका सामूला सरावलेल्या जिवांना शे-दोनशे वर्षांत दुसऱ्या सामूत राहायला लावण्याचा आहे.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, सातवीतल्या एका मुलानं शिकवलं. १९९४ ची गोष्ट असेल. चुन्याच्या निवळीचा प्रयोग होता. चुना पानटपरीवरून कागदात बांधून आणलेला. शाळेतल्या काचेच्या नळ्या फुटलेल्या, म्हणून पपईच्या पानाचे पोकळ देठ कापून लेकरांच्या हातात दिले होते. निवळीत फुंकलं की पाणी दुधाळ होतं, उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध झालं, वहीत लिहा, आवरा. आम्ही सगळे शिक्षक प्रयोग तिथंच संपवायचो. मागच्या बाकावरचं ते लेकरू मात्र थांबलंच नाही. गाल फुगवून फुंकत राहिलं. बाकीच्यांनी ग्लास धुऊन ठेवले तेव्हा त्यानं आरोळी दिली, “बाई, माझं पाणी परत निवळ झालं!” मी त्याला रागावले. प्रयोग बिघडवलास म्हणाले.

रात्री चैन पडेना. घरी पुन्हा निवळी केली आणि फुंकत बसले. आधी पांढरा ढग उठला. ग्लासामागं कालनिर्णय टेकवून ठेवलं होतं, त्यावरचं काहीच दिसेना. दहा मिनिटांनी ढग विरळ झाला, मोठे आकडे दिसायला लागले. आणखी थोड्या वेळानं तिथीसुद्धा वाचता आली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलाची माफी मागितली आणि उरलेला प्रयोग त्याच्याकडूनच सगळ्यांना करून दाखवला.

पहिल्या फुंकेत तयार होतं ते कॅल्शियम कार्बोनेट. शिंपल्यात तेच, आमच्या रानातल्या चुनखडीतही तेच. फुंकत राहिलं की जास्तीचा वायू पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं, कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि ते विरघळून दिसेनासं होतं. समुद्रावर आपण सगळे मिळून अशीच फुंकर घालतो आहोत. ढग निवळण्याच्या पायरीवर वरचा समुद्र अजून आलेला नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. पण रसायनाची दिशा तीच आहे.

सूक्ष्म वनस्पतींवर याचा परिणाम काय, याचं एका शब्दात उत्तर मागितलं की चुकीचंच उत्तर मिळतं. कारण ‘सूक्ष्म वनस्पती’ हे एक पीक नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तेरणेच्या पाण्याचा थेंब मी शेकडो वेळा पाहिला असेल. त्यात डायटम दिसतात: कुंकवाच्या करंड्यासारखी झाकण आणि डबी, दोन्ही काचेसारख्या सिलिकाची, वर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी बारीक भोकं. समुद्रात यांचे भाऊबंद अफाट संख्येनं आहेत. दुसरे कोकोलिथोफोर, आपल्या एका पेशीभोवती चुन्याच्या चकत्यांचं चिलखत घालणारे. इंग्लंडातल्या डोव्हरचे पांढरे कडे प्रामुख्यानं अशाच चकत्यांचे बनले आहेत. (आपला फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, तो यातला नव्हे.) तिसरा प्रोक्लोरोकोकस. जगात सर्वांत जास्त संख्येनं असलेला हा हिरवा जीव १९८८ मध्ये सॅली चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढं मांडला, तोवर त्याचा पत्ताच नव्हता. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात तो दिसत नाही. केसाच्या जाडीत शंभर सहज मावतील. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं, त्यातलं जवळजवळ निम्मं ही सगळी मंडळी मिळून करतात.

चुन्याचं चिलखत घालणाऱ्यांना सामू उतरला की जड जातं. चकती घडवताना पेशीच्या आत हायड्रोजन आयन तयार होतात आणि ते बाहेर टाकावे लागतात. बाहेरच त्यांची दाटी झाली की टाकायचे कुठं? २००० साली उल्फ रीबेसेल यांच्या गटानं प्रयोग करून दाखवलं की कार्बन डायऑक्साइड वाढवला की चकत्या वेड्यावाकड्या आणि कमी होतात. २००८ मध्ये दुसऱ्या गटाचा निष्कर्ष नेमका उलटा आला, त्यांच्या प्रयोगात चुना वाढला. काही लोक एवढंच दाखवून म्हणतात, बघा, शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. एकच बियाणं कुंडीत एक करतं, रानात दुसरं. म्हणून पुढं शास्त्रज्ञांनी समुद्रातच प्लॅस्टिकच्या प्रचंड पिशव्या सोडल्या, आत खरं समुद्राचं पाणी, त्यातली सगळी वस्ती जशीच्या तशी. नॉर्वेतल्या बर्गनजवळ २०११ मध्ये असा प्रयोग झाला. जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पिशव्यांत हे चुनेवाले जीव एकदम मेले नाहीत. बहरापूर्वीच्या दिवसांत ते रोज थोडे थोडे मागं पडत गेले आणि बहराचा हंगाम आला तेव्हा बियाणंच कमी उरलं होतं. बहर आलाच नाही. दुष्काळानंतर घरात बी उरलेलं नसतं आणि पाऊस मात्र वेळेवर येतो, तसं. याच्या आदल्या वर्षी उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्डला झालेल्या प्रयोगात सगळ्यात बारक्या पेशींची चंगळ झाली होती.

हे जीव बदलतातही. ५०० पिढ्या जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेल्या चुनेवाल्यांनी गमावलेल्यातलं काही परत मिळवलं, असं २०१२ मध्ये दिसून आलं. ५०० पिढ्या म्हणजे त्यांचं साधारण एक वर्ष. पण प्रयोगशाळेत शेजारी दुसरा कुणी घास पळवायला नसतो.

आता लोहाची गोष्ट. आमच्या भागातल्या शेतकऱ्यानं ही नीट वाचावी असं मला फार वाटतं, कारण अर्धी त्याला आधीच माहीत आहे. पेरणीनंतर वीस-पंचवीस दिवसांनी चुनखडीच्या रानातलं सोयाबीन पिवळं पडतं. शेंड्याचं कोवळं पान हळदीसारखं, शिरा तेवढ्या हिरव्या. गेल्या आषाढात आमच्या बांधाकडच्या सहा ओळी अशाच झाल्या होत्या. जमिनीत लोह भरपूर असतं, पण सामू चढा असल्यानं ते मुळांना उचलता येत नाही. मग आपण चिलेटेड लोहाची फवारणी करतो. यावरून कुणीही म्हणेल की समुद्राचा सामू उतरला तर तिथल्या वनस्पतींना लोह सुटं होऊन मिळेल. तिथं गणित उलटं बसतं. समुद्रातलं विरघळलेलं लोह बहुतेक सेंद्रिय पदार्थांना घट्ट बांधलेलं असतं आणि सामू उतरला की त्यातलं बरंचसं सोडवून घेणं पेशीला अवघड होतं, हे २०१० मध्ये प्रयोगांनी दाखवलं. २०१८ मध्ये त्याहून खोलचं कारण समजलं. डायटमच्या अंगावर लोह धरणारं एक प्रथिन असतं. त्याला लोह पकडताना सोबत कार्बोनेट लागतं. पाण्यातलं कार्बोनेट घटलं की चिमट्याची एक बाजूच नाही, अशी त्याची गत होते. महासागराच्या मोठ्या पट्ट्यांत लोहाचा आधीच दुष्काळ आहे. तिथं ही फवारणी कोण करणार?

हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी जसं हवेतलं नत्र धरतात तसं काम समुद्रात ट्रायकोडेस्मियम नावाचा सूक्ष्म जीव करतो. उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत त्याचे भुशासारखे तवंग येतात. सुरुवातीच्या प्रयोगांत कार्बन डायऑक्साइड वाढवला की त्याचं नत्र धरणं वाढलेलं दिसलं आणि अनेकांना आनंद झाला. नंतर लोहाचा तुटवडा ठेवून पाहिलं तेव्हा ते घटलं. खुराक भरपूर असलेल्या गोठ्यातल्या म्हशीचं दूध मोजून माळावरच्या म्हशीचा अंदाज बांधायचा नसतो.

‘कार्बन डायऑक्साइड म्हणजे खाद्य’ म्हणणाऱ्यांना मी ज्वारी आणि सोयाबीन शेजारी शेजारी पाहायला सांगेन. सोयाबीनला जादा कार्बन डायऑक्साइडचा फायदा होतो. ज्वारीला जवळपास होत नाही, कारण तिच्या पानात तो गोळा करून दाट करण्याची सोय जन्मजातच आहे. समुद्रातल्या वनस्पतींकडंही अशा सोयी आहेत, पण सगळ्यांकडं सारख्या जोमाच्या नाहीत. म्हणजे हे खत एकाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही, आणि दोघंही एकाच रानात आहेत. अशा वेळी एकूण हिरवाई किती वाढली हे विचारून काय कळणार? कोण वाढलं ते विचारायला हवं.

आमच्या गावाच्या पश्चिमेला गायरान आहे. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा तिथं पवना आणि कुसळी असायची. आज पावसाळ्यात रस्त्यावरून पाहिलं तर गायरान पूर्वीपेक्षा हिरवं दिसतं. जवळ गेलं की सगळं गाजरगवत. गुरं तोंड लावत नाहीत, उपटणाऱ्याच्या हाताला खाज सुटते. २०१४ मध्ये कॅनरी बेटांपैकी ग्रान कनारियाजवळ पिशव्यांचा प्रयोग झाला, तेव्हा कार्बन डायऑक्साइड सगळ्यात जास्त असलेल्या पिशव्यांत व्हिसिसायटस ग्लोबोसस नावाचं विषारी शैवाल माजलं. त्या पिशव्यांत हिरवाई होती. पण शैवाल खाऊन जगणाऱ्या बारीक जिवांची वाढ खुंटली. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढं आमचं गायरान आलं.

विष नसलं तरी नुसत्या आकारानं फरक पडतो. तारली मासा मोठे डायटम थेट गिळतो. तेच अन्न प्रोक्लोरोकोकसएवढ्या कणांत आलं तर ते आधी एक सूक्ष्म जीव खाणार, त्याला दुसरा, त्याला तिसरा, मग मासा. प्रत्येक पायरीवर साधारण नव्वद टक्के खर्ची पडतं. हजार किलो हिरवाईतून एका पायरीनं शंभर किलो, दोन पायऱ्यांनी दहा, तीन पायऱ्यांनी एक, आणि चौथ्या पायरीला मासा येईतो जेमतेम शंभर ग्रॅम. समुद्राचं उत्पादन तेवढंच राहूनही कोळ्याच्या जाळ्यात आणि आमच्या बाजारातल्या पोत्यावर कमी पडू शकतं, ते असं.

सगळं सामूच्या माथी मारू नये, हेही आपल्या वार्ताहरांना सांगायचं आहे. पश्चिम हिंदी महासागरातल्या सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्या, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलं. तिथं कारण दिलं आहे ते उष्णतेचं: वरचा थर तापून हलका झाला, खालचं पोषण वर येईना. अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटमचा बहर असायचा, तिथं या शतकात हिरवा नॉक्टिल्युका हा वेगळाच सूक्ष्म जीव पसरला, त्याचा संबंध शास्त्रज्ञांनी कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला. उष्णता, घटता ऑक्सिजन आणि उतरता सामू या तिघांचा मारा एकाच वस्तीवर एकाच वेळी चालू आहे. कुणाचा वाटा किती हे उलगडायला अनेक वर्षांची मोजमापं लागतात. गोव्यातल्या दोना पावला इथली, १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे काम करते आहे. आणि समुद्राचा रंग उपग्रहानं पाहून मासेमारीसाठी सल्ले देणारं केंद्र कुठं आहे? हैदराबादला, आमच्यासारखंच दख्खनच्या पठारावर. उदगीर, नांदेडच्या लेकरांना मुंबईपेक्षा ते जवळ. सहल काढता येईल, कुणी मनावर घेतलं तर.

आपल्याकडं माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. मथळ्यात ‘ॲसिड’ लिहू नका, ‘सामू’ लिहा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तो शब्द कळतो, भीतीपेक्षा जास्त कळतो. आणि जूनपासून आपण मांजरा, तेरणा, जायकवाडीचा साठा रोज छापता, तशी वर्षातून एकदा, मृगाच्या सुमारास, हवेतला कार्बन डायऑक्साइड, समुद्राचा सामू आणि अरबी समुद्रातल्या हिरवाईची स्थिती एका चौकटीत द्या. आमचा पाऊस त्या समुद्रावरूनच येतो. त्याची खुशाली छापायला एक चौकट जास्त नाही.

शाळांतल्या बाईंसाठी आणि सरांसाठी प्रयोग लिहून ठेवते. हरभऱ्याएवढा पानाचा चुना ग्लासभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या ग्लासात घ्या, त्यात तेवढंच साधं पाणी घाला म्हणजे वेळ कमी लागतो. मागं छापील कागद टेकवा. पपईचा देठ नसेल तर शीतपेयाची नळी चालेल. पाणी दुधाळ झालं की थांबू नका. लेकरं आळीपाळीनं फुंकू देत, दम लागला की बसू देत, कागदावरची अक्षरं परत दिसेपर्यंत. फक्त आधी बजावून सांगा: फुंकायचं, ओढायचं नाही. निवळी तोंडात गेली तर जीभ भाजते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. औसा, जि. लातूर